वसईची घंटा, विरारची चौथी सीट

नाशिकच्या जुन्या वस्तीत कुणी वाडा दणाणेल अशा आवाजात बोलू लागलं की म्हणतात, ‘आली नारोशंकराची घंटा!’ ही घंटा मूळची आमच्या वसईची. मे १७३९मध्ये चिमाजी आप्पांनी वसईचा किल्ला घेतला आणि इथल्या पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून मराठी मुलखातल्या देवळांत गेल्या. नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या देवळात टांगलेली घंटा १७२१ची. वाईजवळच्या मेणवलीची १७०७ची. भीमाशंकरची १७२९ची, तिच्यावरचा क्रूस अजून दिसतो.

तीनशे वर्षांत या घंटांचा आवाज कुणी वाढवला नाही, कारण तो वाढवता येतच नाही. घंटेचं कासं म्हणजे साधारण ७८ टक्के तांबं आणि २२ टक्के कथील. ते मिश्रण, काठाची जाडी, घेर आणि उंचीचं प्रमाण यांवर आवाज ओतशाळेतच ठरतो. पुढे ती कुठल्या कमानीत टांगली यानं थोडा फरक पडेल, पण बसकी घंटा टांगल्यानं खणखणीत होत नाही.

मी विरारला राहत्या घरातल्या एका खोलीत गाणी मिक्स करते. कोळीगीतं, हळदीची गाणी, कधी एखादी आरती. काम संपत आलं की ठरलेलं वाक्य येतं, ‘ताई, मास्टरिंगला जरा लाऊड करून द्या, डीजेला वाजलं पाहिजे.’ मिक्सिंग म्हणजे गळा, ढोलकी, बेंजो, बेस हे सुटे ट्रॅक एकमेकांत नीट बसवणं. मास्टरिंग म्हणजे तयार गाण्यावरून फिरवलेला शेवटचा हात. गाणं किती मोठं वाजणार हे त्या शेवटच्या हातावर आहे, अशी सगळ्यांची समजूत. पण आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? आड म्हणजे मिक्स. त्याचे हे मजेदार पुरावे.

घंटेत नसलेला सूर

घंटेवर टोल पडला की जो मुख्य सूर आपल्या कानात भरतो, त्या सुराचं कंपन घंटेच्या धातूत अनेकदा शोधूनही सापडत नाही! धातूतून वरचे काही सूर निघतात, त्यांच्या कंपनसंख्या साधारण २:३:४ या प्रमाणात असतात, आणि त्यावरून ‘१’ कुठे असायला हवा हे आपला मेंदू परस्पर ताडतो. तो न वाजलेला सूर आपण ऐकतो.

हीच करामत रोज आपल्या खिशात चालते. मोबाइलच्या नखाएवढ्या स्पीकरमधून ६० हर्ट्झचा बेस निघणं अशक्य. तरीही काही गाण्यांचा बेस मोबाइलवर ऐकू येतो, कारण त्यांत १२०, १८०, २४० हर्ट्झचे वरचे सूर ठळक असतात आणि ६०ची जागा मेंदू भरून काढतो. म्हणून बेस ऐकू येईना की मी त्याचा फेडर, म्हणजे आवाजाची सरकपट्टी, वर ढकलत नाही. त्या ट्रॅकला किंचित सॅच्युरेशन देते, म्हणजे आवाज जरासा खरखरीत होऊन त्याला वरचे सूर फुटतात. पुष्कळदा त्यानंतर फेडर खालीच घ्यावा लागतो! बेस जास्त ऐकू येतो आणि जागा कमी खातो. या ‘जागा खाण्या’ची गोष्ट पुढची.

तिघांचं बाक

विरार लोकलमध्ये बाक तिघांचं असतं आणि बसतात चौघं. चौथी सीट मिळते ती बाकीचे तिघं ‘जरा सरकून’ बसले तर. एकानं पाय फाकून बसायचं ठरवलं की चौथा उभाच.

डिजिटल गाण्याचं बाक तसंच मोजून-मापून दिलेलं आहे. वर शून्य डेसिबलचं छत आहे. लाट त्याच्या वर गेली की तिचा माथा सपाट कापला जातो आणि आवाज फाटतो. या ठरावीक उंचीत सगळ्यांना बसवायचं. आणि बाकावर पाय फाकून बसणारा गडी असतो बेस.

याचं कारण आपल्या कानात आहे. बेल प्रयोगशाळेच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली माणसांना वेगवेगळे सूर ऐकवून दाखवून दिलं, की खर्जातला सूर मधल्या सुराइतकाच मोठा वाटावा म्हणून त्याला कितीतरी जास्त ताकद द्यावी लागते, आणि एकूण आवाज हळू असेल तर आणखीच जास्त. उलट ३ ते ४ हजार हर्ट्झच्या टापूत कान विलक्षण तिखट. कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब, ती बासरीसारखी नेमकी याच टापूला घुमते. तान्ह्या बाळाच्या रडण्यातली धारही इथेच असते. म्हणून शेजारच्या इमारतीतलं बाळ रडलं तरी आपली झोप उडते.

मीटरला हे काही कळत नाही. त्याला लाटेची उंची दिसते, बस्स.

आता माझ्याच टेबलावरची गोष्ट. रुळांपासून फार लांब नसलेल्या एका खोलीत रेकॉर्ड झालेलं हळदीचं गाणं आलं. गळा सुंदर, पण गाणं काही केल्या वर चढेना. थोडं वाढवलं की लिमिटर, म्हणजे आवाज छताखाली ठेवणारा पहारेकरी, दाबायला लागायचा. शेवटी सगळे ट्रॅक बंद करून एकटा गळा लावला. दोन ओळींच्या मधे, गायिका श्वास घेते त्या शांततेत, स्पीकरमधून काही ऐकू येत नव्हतं आणि मीटरची पट्टी मात्र शांतपणे वर-खाली होत होती. हेडफोन घट्ट दाबून धरले तेव्हा कानाला जाणवेल न जाणवेल अशी घरघर लागली. बाहेरून लोकल जात होती! ती प्रत्येक ओळीखाली अंथरलेली होती. ८० हर्ट्झच्या खालचं सगळं कापलं. गळ्याचा एक कणही गेला नाही, बाईचा आवाज तेवढा खाली उतरतच नाही. तीच गोष्ट बेंजोची, टाळांची, कोरसची केली. प्रत्येकाच्या बुडाशी थोडी थोडी लोकल निघाली. सगळं संपल्यावर तेच गाणं, तोच लिमिटर, आणि दोन डेसिबल जागा मोकळी. कुणाचा आवाज वाढवला नव्हता. फुकट प्रवास करणारा तेवढा उतरवला होता.

गायक गातोय ना?

दोन अगदी सारख्या लाटा एकाच क्षणी एकाच दिशेनं उठल्या की त्यांची बेरीज ६ डेसिबलनं उंच होते. उलट्या दिशेनं भेटल्या तर दोन्ही नाहीशा! एकमेकींशी संबंध नसेल तर सरासरी ३ डेसिबलची भर. ढोलकीचा घुमारा आणि बेस गिटारचा पहिला ठोका समेवर एकत्र येतात, तेव्हा गाण्यातलं सगळ्यात उंच शिखर तिथे तयार होतं, आणि ते शिखर छताला लागलं की बाकीच्यांनी मान खाली घालायची. उपाय सोपा आहे: ढोलकी पडते त्या क्षणापुरता बेस आपोआप किंचित मागे सरकेल अशी व्यवस्था करायची. ऐकणाऱ्याला कळतही नाही.

दुसरी टक्कर गळा आणि बेंजोची. बेंजोच्या तारांची झणझण त्याच २ ते ४ हजारांच्या टापूत, जिथे शब्दांची स्पष्टता असते. एक आवाज दुसऱ्याला झाकतो. मग गळा वाढवा, त्यानं बेंजो झाकला गेला म्हणून बेंजो वाढवा, अशी शिडी लागते आणि शेवटी दोघंही छताला डोकं लावून उभे. वसईच्या किनाऱ्यावर कोळी लग्नांत वर्षानुवर्षं वाजवलेल्या एका बेंजोवाल्या काकांना मी एकदा विचारलं, की तुम्ही गाण्याच्या ओळीवर थांबता आणि ओळ संपल्यावर तुटून पडता, हे मुद्दाम का? ते म्हणाले, ‘तो गातोय ना? मग मी मधे कशाला बोलू?’ त्यांच्या ट्रॅकला मला हातसुद्धा लावावा लागला नाही.

माइक नसतानाचं मिक्सिंग

संगीत नाटकांचा सुवर्णकाळ माइकशिवायचा. शेवटच्या रांगेतल्या माणसाला पद ऐकू जायचं ते कसं? गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या साथीला ऑर्गन, कादरबक्षांची सारंगी आणि अहमदजान थिरकवांचा तबला. मोजकी वाद्यं, प्रत्येकाची जागा वेगळी. गळ्याच्या आड कुणी येत नाही. मला हे मराठीतलं सगळ्यात सुरेख मिक्स वाटतं, आणि त्यात एकही फेडर नव्हता.

युरोपातल्या ऑपेरा गायकांचं कोडं योहान सुंडबर्ग या स्वीडिश शास्त्रज्ञानं सोडवलं. कसलेला गायक स्वरयंत्राच्या वरची पोकळी अशी घडवतो की ३ हजार हर्ट्झच्या आसपास ताकदीचा एक उंचवटा तयार होतो. नेमक्या त्याच टापूत वाद्यवृंदाचा जोर ओसरलेला असतो. म्हणजे एकटा माणूस साठ-सत्तर वादकांवर मात करतो ती ओरडून नाही, रिकामी खुर्ची शोधून.

१९२५च्या सुमारास विजेवरचं ध्वनिमुद्रण येईपर्यंत रेकॉर्ड कर्ण्यासमोर गाऊनच भरायची. मिक्सिंग पायांनी व्हायचं! मृदू आवाजाचा माणूस कर्ण्याजवळ, पितळी वाद्यं भिंतीपाशी, वरचा सूर लावताना गायकानं पाऊल मागे घ्यायचं. व्हायोलिन तर इतकं क्षीण उमटायचं, की लाकडी पोटाच्या जागी धातूचा कर्णा बसवलेलं व्हायोलिन बनवण्यात आलं. एकदा मेणावर उमटलं की पुढे दुरुस्ती नाही. त्या काळातल्या तोलाच्या रेकॉर्ड आजही कशा स्वच्छ पोचतात!

हलगीचा काटा

हलगी, ताशा, टाळ. यांच्या आघाताचं टोक त्यांच्याच सरासरी आवाजापेक्षा १५-२० डेसिबल उंच जाऊ शकतं, पण ते टिकतं जेमतेम काही हजारांश सेकंद. कान आवाजाचा मोठेपणा ठरवताना साधारण एक पंचमांश सेकंदाची बेरीज करतो. त्यामुळे एवढासा काटा त्याला ‘मोठा’ वाटतच नाही, नुसता तिखट वाटतो. मीटरला मात्र तो ताडासारखा दिसतो.

हा काटा हलगीच्या ट्रॅकवरच हलकेच बोथट केला तर कुणाच्या लक्षातही येत नाही. तो तसाच मास्टरिंगपर्यंत गेला तर मात्र फजिती होते. लिमिटर शेवटी बसलेला असतो, त्याला हलगी वेगळी आणि गळा वेगळा कळत नाही. हलगी कडाडली की तो सगळं गाणं खाली दाबतो, मग सोडतो. गायक दर ठोक्याला पाण्यात बुडून वर आल्यासारखा वाटतो, गाण्याला धाप लागते. हे एकदा ऐकलं की विसरता येत नाही. एखाद्या वरातीतलं गाणं दमल्यासारखं का वाटतं याचं उत्तर बहुधा हेच.

मेटॅलिकाचा धडा

२००८ साली मेटॅलिका या जगप्रसिद्ध बँडचा ‘डेथ मॅग्नेटिक’ अल्बम आला आणि चाहतेच भडकले. आवाज इतका दाबून मोठा केलेला की फाटत होता. गंमत म्हणजे तीच गाणी ‘गिटार हीरो’ या व्हिडिओ गेममध्ये मोकळी, श्वास घेणारी वाजत होती! हजारो चाहत्यांनी पुन्हा मिक्स करा म्हणून सह्या गोळा केल्या. दगड पडले ते मास्टरिंग करणाऱ्या टेड जेन्सन यांच्यावर. त्यांनी एका चाहत्याला कळवलं, की माझ्याकडे आलेली मिक्सच आधी भिंतीसारखी चेपलेली होती. या एका वाक्यासाठी मी त्यांची कायमची ऋणी आहे. माझं दर दुसऱ्या आठवड्याचं स्पष्टीकरण त्यांनी एका ओळीत देऊन टाकलं.

या शर्यतीची मुळं जुनी आहेत. अमेरिकेतल्या हॉटेलांतल्या ज्यूकबॉक्सचा आवाज मालकानं ठरवलेला असायचा, त्यामुळे आपली तबकडी शेजारणीपेक्षा ठसठशीत वाजावी म्हणून कंपन्या ती मोठ्या आवाजात कापून घ्यायच्या. पण तबकडी हट्टी होती. बेस वाढवला की खाच रुंद होते, खाच रुंद झाली की कमी मिनिटं मावतात. डाव्या-उजव्या बाजूला वेगवेगळा बेस ठेवला तर सुई उडते. सीडीनं हा लगाम काढला आणि शर्यत उधळली.

स्पॉटिफायचा तराजू

आता तर मोठं करून काही पदरातच पडत नाही! स्पॉटिफाय गाणी साधारण उणे १४ लफ्सला आणून वाजवतं, ॲपल म्युझिक उणे १६ला, युरोपातल्या दूरचित्रवाणीनं २०१०पासून उणे २३ धरलंय. यूट्यूब मोठं गाणं खाली आणतं, हळू गाणं वर नेत नाही. लफ्स हे माप कानाच्या कलानं चालतं: खर्जाला कमी वजन, तारेकडच्या सुरांना थोडं जास्त, आणि अगदी शांत जागा हिशेबातच धरायच्या नाहीत. तुम्ही जिवाचा आटापिटा करून उणे ८ला नेलेलं गाणं स्पॉटिफायनं ६ डेसिबल खाली घेतलं की उरतं काय? चेपलेली ढोलकी. शेजारचं मोकळं मिक्स त्याच पातळीवर जास्त दणकट वाजतं, कारण त्याची ढोलकी अजून उडते.

म्हणून मी आता डीजेला हवं असलेलं गाणं आणि यूट्यूबला चढवायचं गाणं अशी दोन मास्टर देते. मिक्स एकच.

चालता चालता

डीजेच्या भिंती भाड्यानं घेणाऱ्या दादांनो, हे ऐका: आवाज दुप्पट मोठा वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, आणि १० डेसिबल म्हणजे दहापट वॅट. हजार वॅटच्या जागी दोन हजार लावले तर वाढतात फक्त ३. तेवढे तर नीट मिक्समधून फुकट मिळतात! मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनं उतरतो. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी राहत्या वस्तीला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे, आणि रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद. आजारी माणसाच्या खिडकीखाली वरात थांबवणाऱ्यांनी हा आकडा पाठ करावा, असं मला मनापासून वाटतं.

दोन मिक्सची तुलना करताना एक डेसिबलनं मोठं असलेलं हमखास ‘चांगलं’ वाटतं. कानाची ही खोड भल्याभल्यांना फसवते. आधी दोन्ही सारख्या आवाजाला आणा, मग न्याय करा.

जुन्या टेलिफोनच्या तारेतून फक्त ३०० ते ३४०० हर्ट्झ जायचे, तरी आवाजावरून माणूस ओळखू यायचा. प्रचाराच्या रिक्षावरचा भोंगाही जवळपास तेवढंच वाजवतो. गाणं झालं की मी खालचं आणि वरचं सगळं कापून ते भोंग्यासारखं ऐकते. शब्द कळले तर मिक्स बरोबर. मग डावं-उजवं एकत्र करून मोनोत. मांडवातले बरेच स्पीकर मोनोच जोडलेले असतात, आणि स्टिरिओत ऐसपैस पसरलेला कोरस तिथे अचानक गायब होतो, त्या उलट्या लाटांच्या भेटीमुळे. शेवटची परीक्षा शेअर रिक्षातली. रिक्षावाल्या भाऊंच्या स्पीकरवर, इंजिनाच्या घरघरीत, आवाज अर्ध्यावर ठेवून. तिथे गायिकेचा ‘गं’ ऐकू आला की मी घरी परतते.

आणि एमपी३ करताना छताजवळची लाट थोडी वर उसळते, म्हणून मास्टरला १ डेसिबल तरी मोकळा ठेवायचा. हे विसरल्यामुळे माझं एक गाणं हळदीच्या मांडवात फाटलं होतं. सकाळी नवरीच्या आत्यानं फोन करून विचारलं, ‘बाळा, स्पीकर खराब होता का गं?’ मी खरं सांगितलं.

जास्त जड हातोडा

शेवटी पुन्हा एका घंटेकडे: लंडनची बिग बेन १८५८ साली ओतली. जुलै १८५९मध्ये ती टोले देऊ लागली आणि सप्टेंबरात तिला तडा गेला. ओतणाऱ्यांनी हातोड्याच्या वजनाची मर्यादा सांगितली होती. घड्याळवाल्यांनी तिच्या दुपटीहून जड हातोडा बसवला होता. काही वर्षं ती मुकी राहिली, तासांचे टोले शेजारची लहान घंटा देत होती. मग तिला थोडी वळवून तडा नसलेली बाजू हातोड्यासमोर आणली, तडा आणखी पसरू नये म्हणून तिथे चौकोनी खाच पाडली, आणि हातोडा बदलला. नवा हातोडा हलका होता. त्याच तड्यानिशी, त्याच हलक्या हातोड्यानं ती आजही वाजते.